प्राप्त झाले

सकाळी आठच्या सुमाराला आमच्या गल्लीच्या तोंडाशी आक्का गोणपाट अंथरतात. मेथी, पालक, चाकवताच्या जुड्या पाण्याचा हबका मारून मांडल्या जातात, मधोमध तराजू येतो, आणि सगळ्यात शेवटी पाटीच्या तळाशी जुन्या टॉवेलात गुंडाळलेला तो बाहेर निघतो. तळहातावर मावेल एवढाच. कोपऱ्यांचा रंग उडालेला, तोंडाच्या जागी बारीक भोकांची जाळी, बाजूला आवाज लहानमोठा करायची बटणं, एक मिणमिणता दिवा, आणि छातीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद. सातारच्या पावसाला कंटाळून आक्कांनी त्याला दुधाच्या पिशवीचं इरलं करून दिलं आहे. एक रबर कमरेला, एक गळ्याला.

साऊंडबॉक्स हे त्याचं कंपनीतलं नाव. गल्लीत कुणी त्याला स्पीकर म्हणतं, कुणी डबा. आक्का त्याला ‘ह्यो’ म्हणतात. “ह्यो बोलला का बगा, बाई.” मी त्यांच्या थोरल्या मुलाला सहावी-सातवीत मराठी शिकवलं, तेव्हापासून मी बाई आणि त्या आक्का.

तो बोलतो ते मात्र बाईच्या आवाजात. स्वच्छ, एकसुरी, कुठल्याच गावचा हेल नसलेल्या आवाजात. “पन्नास रुपये प्राप्त झाले.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्या ‘प्राप्त’चंच नवल वाटलं. आमच्या पुस्तकांत वर प्राप्त व्हायचा, राज्य प्राप्त व्हायचं, फार तर सरकारी पत्र प्राप्त व्हायचं. बाजारात पैसे येतात, मिळतात, सुटतात, बुडतात, पण प्राप्त होत नाहीत. आक्का अजूनही ‘पैसं आलं’ असंच म्हणतात. गल्लीतल्या पोरांनी मात्र तो शब्द उचलला. उन्हाळ्याच्या सुट्टीत पायरीवर दुकान-दुकान खेळताना एकजण दुकानदार, दोघं गिऱ्हाईक आणि सगळ्यात धाकटी मुलगी डबा होते. पिंपळाचं पान पुढे आलं की ती नाकात बोलते, “दहा रुपये प्राप्त झाले.” जे काम वर्षानुवर्षं शाळेत माझ्यानं झालं नाही ते या डब्यानं एका सुट्टीत केलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

तो जागा होतो, पण लगेच कामाला लागत नाही. आक्कांचा एक नेम आहे. भवानी रोखीची. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक फोन पुढे करायला लागलं की त्या हात आडवा करतात. “भवानी हाय, हातात द्या.” मग दहाची असो, वीसची असो, ती नोट तराजूला लागते, कपाळाला लागते आणि कनवटीच्या पिशवीत जाते. त्यानंतर त्याला बोलायची मुभा. दसऱ्याला तराजू आणि वजनांबरोबर त्यालाही हळदीकुंकू लागतं, वर झेंडूचं फूल ठेवलं जातं. म्हणजे अवजार म्हणून त्याचा मान आहे. पण लक्ष्मीनं दाराशी पहिलं पाऊल टाकावं तो मान त्याला अजून मिळालेला नाही.

छातीवरच्या त्या चौकटींचं मूळ जपानात आहे. डेन्सो वेव्हच्या मासाहिरो हारा यांनी १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी क्यूआर कोड तयार केला. कारखान्यात तेल, धूळ, ओरखडे असणारच, हे धरूनच त्याची रचना झाली. त्याच्या सगळ्यात मजबूत प्रकारात जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. म्हणूनच मेथीच्या मुळांची माती लागलेला, एका कोपऱ्यानं उकललेला आक्कांचा कागद अजून चालतो. जिथून पैसा वाहतो ती वाट मात्र आपल्या मुंबईची. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं उभारलेल्या यूपीआयची सुरुवात ११ एप्रिल २०१६ ला तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा गेल्या आणि या वाटेवरची वर्दळ वाढली. परदेशात फोन यंत्राला नुसता टेकवून पैसे देतात. त्यासाठी दुकानदाराकडे यंत्र लागतं, आणि गोणपाटावर बसणाऱ्या बाईला ते कसं परवडावं? आपल्याकडे तेच काम एका छापील कागदानं केलं. हात न लावता पैसे देण्याची युक्ती भाजीच्या ढिगापर्यंत पोचली ती या स्वस्ताईमुळे.

आक्कांकडे तो कागद २०२० च्या टाळेबंदीत आला. तेव्हा त्या गिऱ्हाइकाला नोट परातीत टाकायला लावायच्या, परात उन्हात सरकवायच्या आणि दुपारपर्यंत तिच्याकडे बघायच्याही नाहीत. मुलानं कागद आणून तराजूला टांगला आणि परात घरी गेली.

डबा आला तो दोन वर्षांनी, आणि तो आला त्याला कारण एक फसवणूक होती. दिवेलागणीला दोन तरुण पोरं आली. ढोबळी, वांगी, आलं, लसूण, लिंबं, सगळे मिळून दोनशे चाळीस रुपये झाले. त्यांनी फोनवर हिरवी खूण दाखवली, वर आकडाही बरोबर होता. आक्कांना अक्षर येत नाही, आकडे येतात. आकडा बरोबर आहे म्हणजे पैसे आले असं त्यांनी धरलं. मुलाचा फोन तेव्हा मुलाबरोबर गावाकडे, कोरेगावच्या बाजूला. रात्री हिशेब लागेना तेव्हा कळलं की ती खूण म्हणजे खोटं चित्र होतं. दोनशे चाळीस रुपये म्हणजे त्या दिवसाची जवळजवळ सगळी कमाई. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, शरम होती. “मला वाचता येत न्हाई ते पोरांनी वळाकलं, बाई.” ते वाक्य मी विसरलेले नाही.

म्हणून या डब्याची मी पहिली बाजू मांडणार ती हीच. फोन हे वाचणाऱ्यांचं साधन होतं. पडदा वाचा, निरोप वाचा, खूण ओळखा. ज्याला वाचता येत नाही, ज्याची नजर अधू आहे, ज्याचे दोन्ही हात चिखलात आहेत, त्याला त्या पडद्यावर विसंबून राहणं म्हणजे समोरच्याच्या इमानावर विसंबून राहणं. डब्यानं ती गोष्ट डोळ्यांकडून काढून कानांकडे दिली. गिऱ्हाइकानं काय दाखवलं याला आता महत्त्व उरलं नाही, डबा काय बोलला याला उरलं. आक्का मान वर न करता जुडी बांधत राहतात आणि ऐकतात. आंधळी माणसं रेल्वेत, रस्त्यावर वस्तू विकतात. नोट चाचपून ओळखायची त्यांची सवय २०१६ नंतरच्या नव्या, लहान नोटांनी मोडली. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२० ला नोटा ओळखून सांगणारं ‘मनी’ हे ॲप आणलं खरं, पण त्यासाठी नोट फोनसमोर धरावी लागते. हा डबा न विचारता सांगतो. एका यंत्रानं माणसाला इतका आधार द्यावा ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

तो ज्याबद्दल बोलतो ते पैसे त्यानं कधी पाहिलेले नसतात. त्याच्या पोटात मोबाइलसारखंच एक सिमकार्ड आहे. मी कागदावरच्या चौकटी टिपल्या, आकडा घातला, पिन दाबला, की माझी बँक, मधलं यूपीआयचं जाळं, समोरची बँक असा तो व्यवहार फिरतो. पुरा झाला की कंपनीच्या संगणकाकडे बातमी जाते आणि तिथून या डब्याला कळतं. तो फक्त आलेली बातमी वाचून दाखवतो. पण बातमी माझ्या फोनवरून येत नाही, म्हणूनच ती खरी धरायची. हे मी आक्कांना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हंजी ह्यो तलाठ्यावानी. जमीन बगितली न्हाई तरी उतारा बरोबर देतो.”

सुट्ट्यांचं तर बोलायलाच नको. पाचशेची नोट घेऊन आलेलं सकाळचं गिऱ्हाईक म्हणजे आक्कांच्या जिवाला घोर असायचा. शेजारच्या पानवाल्याकडे, समोरच्या गिरणीत, कुठं कुठं पळायचं. शेवटी कुणाला दोन रुपयांची मिरची द्यायची, कुणाला ‘उद्या घ्या’ म्हणायचं. फाटकी नोट घडी घालून खपवणारे वेगळे. संध्याकाळी एसटीत गर्दीतून कनवट सांभाळत गावाकडे जाणं वेगळं. ते सगळं बरंच उणावलं. तरी त्याबरोबर एक गोष्ट गेली, तिची मला हळहळ वाटते. पूर्वी सत्तेचाळीस झाले की पंचेचाळीस द्या किंवा पन्नास द्या आणि कोथिंबीर घ्या असं व्हायचं. सुट्टे नसण्याच्या अडचणीतून थोडी सैल जागा निर्माण व्हायची, आणि त्या जागेत दोन बायका एकमेकींना काहीतरी सोडायच्या. आता सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस. कढीलिंबाची काडी अजून मिळते, पण ती आक्कांच्या स्वभावामुळे मिळते, हिशेबाच्या फटीतून नाही.

डब्याला माणूस माहीत नाही. कलेक्टर कचेरीतला साहेब असो की रिक्षावाला, तो त्याच आवाजात आकडा सांगतो. कुणी चाचणीसाठी पाठवलेला एक रुपया आणि कुणा लग्नघरची दोन हजारांची भाजी, दोन्हींना तेवढाच मान. हा त्याचा गुण आहे. पण नाव तो सांगत नाही. रविवारी सकाळी गर्दीत तो लागोपाठ बोलतो, “तीस रुपये… साठ रुपये… तीस रुपये”, आणि दोन तीसवाल्या बायका एकमेकींकडे बघतात. माझे आले की तुमचे? तेव्हा आक्काच निवाडा करतात. कोणी आधी फोन धरला, कोणाची जुडी आधी पिशवीत गेली, हे सगळं त्यांच्या ध्यानात असतं. उधारी त्याला कळत नाही. ‘महिन्याच्या एकीला देते’ हे वाक्य त्याच्या भाषेत बसत नाही. ते खातं आक्कांच्या डोक्यात चालतं, आणि त्या खात्यात आजपर्यंत चूक झालेली मी पाहिली नाही.

त्याला आवाज खाली ठेवता येतो, पण गोंगाटात खाली ठेवून चालत नाही, म्हणून आक्कांची कमाई गल्लीभर ऐकू येते. सकाळपासून किती धंदा झाला हे समोरच्या दुकानातल्या माणसाला सांगता येतं. पूर्वी पदराआड कनवटीत काय आहे ते आक्कांनाच ठाऊक असायचं. हात उसना मागायला येणाऱ्यांना ‘आज काय झालंच न्हाई’ म्हणता यायचं. आता तो बाजूला बसून बोलत असताना असं कसं म्हणणार? या उघडेपणाची भीती लहान माणसाला मोठी असते. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयवरची उलाढाल पाहून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरूत कित्येक दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. ती बातमी कुणीतरी मोबाइलवर दाखवली तेव्हा आक्कांनी दोन दिवस डबा बाहेरच काढला नाही. ताज्या भाजीवर जीएसटी लागत नाही, मालाच्या धंद्यात वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीही लागत नाही, हे मी त्यांना तीन वेळा सांगितलं. पटलं की नाही कोण जाणे. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांनीच ‘स्कॅनर कुठंय?’ विचारून हैराण केलं, तेव्हा तो टॉवेलातून बाहेर आला.

आणि एक. आलेल्या पैशाचा तो एवढा गजर करतो, गेलेल्या पैशाबद्दल मात्र तो कधी तोंड उघडत नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून दलाली घेता येत नाही. मग डब्याचं भाडं घेतलं जातं, महिन्याला शंभर-सव्वाशेच्या आसपास. ते खात्यातून परस्पर वजा होतं. त्या दिवशी ‘सव्वाशे रुपये गेले’ असं त्यानं सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे. जो वाचू शकत नाही त्याच्यासाठी बोलायचं, तर दोन्ही बाजूंनी बोलावं.

त्याचं बोलणं सोसतं, त्याचं गप्प बसणं जड जातं. १२ एप्रिल २०२५, शनिवार, हनुमान जयंती. त्या दिवशी देशभर यूपीआयचे व्यवहार अडकले. गल्लीतल्या मारुतीला नारळ, केळी घ्यायला निघालेली माणसं फोन हातात धरून उभी होती. आक्कांनी त्या दिवशी सगळ्यांना उधार दिलं. पण ते सगळ्यांचंच होतं, त्यामुळे कुणी कुणाकडे संशयानं पाहिलं नाही. एकट्यानं अडकणं वेगळं.

त्याच वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. अजिंक्यताऱ्यावरून ढग खाली उतरलेले, पाऊस सरळ अंगावर येणारा. मी एकशे ऐंशी रुपयांची भाजी घेतली, पिन दाबला, माझ्या बँकेचा निरोप आला की पैसे वजा झाले. डबा गप्प. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या. मी माझा फोन पुढे केला, आणि त्याच क्षणी मला ती दोन पोरं आठवली. त्यांनीही असाच फोन पुढे केला होता. वीस वर्षांची ओळख, तरी मला कसंतरी झालं. आक्कांनाही झालं असावं, कारण त्या घाईघाईनं म्हणाल्या, “आवं जावा तुमी, येतील मागनं.” मी पाचशेची नोट काढली तर त्यांच्याकडे सुट्टे नव्हते. शेवटी भाजी तिथंच ठेवून घरी आले आणि पैसे घेऊन परत गेले. दुकानदाराला दिलेले पैसे असे मधे अडकले तर पाच दिवसांच्या आत परत यावेत, उशीर झाला तर रोज शंभर रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. माझे दुसऱ्याच दिवशी परत आले. नियम चांगला आहे, पण तो खातेदारासाठी आहे. मधल्या दिवसांत भाजी देऊन बसलेल्या बाईची रात्र कशी जाते, पहाटे मार्केट यार्डात लिलावाला ती काय घेऊन उभी राहते, हे कुठल्याच नियमात नाही. या व्यवस्थेचा वेग माझ्या वाट्याला येतो आणि तिची खोटी आक्कांच्या वाट्याला. माझी त्याच्याबद्दल सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्याहून मोठी गोष्ट पुढे दिवाळीच्या आधी कळली. पथविक्रेत्यांना कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना १ जून २०२० ला सुरू झाली. आक्कांनी तिच्यातून पहिले दहा हजार घेऊन वेळेवर फेडले होते. पुढच्या हप्त्यासाठी त्यांना बँकेत जायचं होतं, सोबत मी गेले. डिजिटल पैसे घेणाऱ्या विक्रेत्यांना या योजनेत थोडी रक्कम परत मिळते, म्हणून मी मोठ्या भरवशानं विचारलं. खिडकीतल्या तरुणानं संगणकात पाहिलं आणि म्हणाला, “आजी, तुमच्या नावावर एकही व्यवहार दिसत नाही.”

तीन वर्षं रोज तीस-चाळीस वेळा ‘प्राप्त झाले’ ऐकलेल्या बाईच्या नावावर एकही व्यवहार नाही. कारण साधं होतं. कागद मुलानं आणला, फोन मुलाचा, म्हणून खातं मुलाचं. डबा तराजूशेजारी बसून आक्कांना पैसे आल्याचं सांगत होता आणि ते पैसे कोरेगावच्या बाजूला दुसऱ्याच पुस्तकात जमा होत होते. ‘प्राप्त झाले’ या वाक्यात घेणारा कुठंच नाही, हे मराठी शिकवणाऱ्या माझ्या तरी लक्षात यायला हवं होतं. कुणाला प्राप्त झाले, हे डब्यानं कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

मुलगा वाईट नाही. मी त्याला लहानपणापासून ओळखते. आई मागेल तेव्हा तो पैसे द्यायचा, यार्डात माल घेताना स्वतःच्या फोनवरून अडत्याला पाठवायचा, घरात त्याच पैशानं सगळं चालायचं. पण कनवटीतली पिशवी जसजशी हलकी होत गेली तसतसा आक्कांच्या दिवसात एक शब्द वाढत गेला होता, तो म्हणजे ‘विचारते’. नातीला बांगड्या घ्यायच्या? विचारते. भिशीचे भरायचे? विचारते. रोख पैसा जवळ असताना ही बाई कुणाला काही विचारत नव्हती. मोजून मापून खर्च करायची, पण स्वतःच करायची. महाराष्ट्रात गोणपाटावर बसणाऱ्या किती बायकांच्या शेजारी असा नवऱ्याच्या, मुलाच्या, दिराच्या खात्याचा डबा बोलत असेल, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात यूपीआयचे २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्या डोंगराएवढ्या आकड्यात आक्कांचे जे होते, ते आक्कांचे नव्हते.

मी मुलाशी बोलले. तो आधी दुखावला. “बाई, आईचं काय आन् माझं काय, एकच हाय की.” तेव्हा आक्का जे बोलल्या ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे. “पोरा, पैसं तुजंच हायती. मी मेल्यावर तुलाच. पर जित्ती हाय तवर इचारायला लागू ने.”

पुढचं सगळं करायला महिना गेला. आक्कांचं जनधन खातं होतं. गावात शिबिर भरलं तेव्हा काढलेलं, त्याला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद पडलेला. रुपे कार्ड तांदळाच्या डब्यात निघालं. नंबर बदलायला बँकेत तीन हेलपाटे, आधारचा अंगठा दोनदा उमटेना, कारण भाजी निवडून बोटांच्या रेषा झिजलेल्या. मुलानं आपला जुना फोन आईला दिला आणि स्वतः बसून सगळं लावून दिलं. पिन ठरवायची वेळ आली तेव्हा मी आणि तो, दोघांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. कुणालाच सांगायचा नाही, मला नाही, त्यालाही नाही, हे आक्कांना पटकन पटलं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कुणी ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणालं तर तो चोर समजायचा, हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हंजी घ्यायला किल्ली लागत न्हाई, द्यायला लागती.” इतक्या सोप्या शब्दांत ते मला कधी सांगता आलं नसतं. फसलंच कधी तर १९३० ला फोन करायचा, हा आकडा आम्ही तराजूच्या पाट्याखाली खडूनं लिहून ठेवला आहे. आणि रोज सकाळी कागद आपलाच आहे ना, वर कुणी दुसरा चिकटवला नाही ना, हे नखानं कोपरा उचलून बघायचं, हेही ठरलं. असे कागद बदलून पैसे लाटल्याच्या घटना घडल्या आहेत.

नवा डबा आला. तोच रंग, तीच जाळी, तोच कुठल्याच गावचा नसलेला आवाज. मी चाचणीसाठी एक रुपया पाठवला. “एक रुपया प्राप्त झाला.” मुलानं आईच्या हातात फोन दिला आणि तिच्या खात्यातला तो एक रुपया बोटानं दाखवला. आक्कांनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी पदराचं टोक ओलं करून नव्या डब्यावरची धूळ पुसली. खरं तर त्यावर धूळ नव्हती.

परवा भाजी घेताना त्या सांगत होत्या. आदल्या दिवशी गडबडीत डबा बंद करायचा राहून गेला आणि तसाच टॉवेलात गुंडाळून पाटीत गेला. संध्याकाळची एसटी, माणसाला माणूस चिकटलेलं, पाटी पायाशी. पुलापाशी गाडी आली आणि पाटीतून आवाज आला, “सदतीस रुपये प्राप्त झाले.” अख्खी गाडी वळून बघायला लागली. आक्कांनी पदर पाटीवर टाकला. शेजारच्या बाईनं विचारलं, आता या वेळेला कुणाचे आले? डब्यानं नाव सांगितलं नव्हतं, कधीच सांगत नाही. आक्कांना मात्र लगेच कळलं.

“दोन जुड्या मेथी आन् सात रुपयाचं आलं. कोपऱ्यावरच्या वैनी. मंगळवारची उधारी.”